चिपाडावरची धिंगरी

१८ नोव्हेंबर १९९७

फेकून दिली! सगळी. माझ्या डोळ्यांदेखत.

सकाळी कारखान्यावर पोचलो तर प्रयोगशाळेमागच्या खोलीला दुसरंच कुलूप. खिडकीतून आत फाटकी पोती रचलेली दिसली. माझे ॲल्युमिनियमचे ट्रे बाहेर नळाखाली, आणि एक बाई ते काथ्यानं घासत होती. काळी बुरशी गटारात. मळीत भिजवलेल्या चिपाडावर ती बुरशी धरायला मला तीन हंगाम लागले. तिच्यातून लिंबूसत्व निघत होतं—थोडंच, पण निघत होतं! जे चिपाड आपण बॉयलरमध्ये जाळतो त्यातून. बाईला काय बोलणार? तिला घासायला सांगितलं, ती घासत होती.

नव्या चेअरमनना भेटलो. म्हणाले, "यादवराव, आपण साखर करतो. बुरशी विकायला निघालो तर सभासद जोड्यानं मारतील." केबिनमधले सगळे हसले.

मीही हसलो. तेच जास्त लागलंय.

२० नोव्हेंबर

वजनकाट्यावर बदली. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या माणसानं आता उसाच्या बैलगाड्या मोजायच्या.

२ डिसेंबर

राजीनामा दिला. मीनाला संध्याकाळी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बरं." मला भांडण हवं होतं बहुतेक. तेही मिळालं नाही.

येताना टेम्पोत चिपाडाच्या गोण्या घालून आणल्या. घरामागे बिल्डरनं सिमेंट ठेवायला बांधलेली पत्र्याची शेड पडून आहे, तिथे रचल्या. कारखाना नको तर नको. मी इथे करीन. गंगापूर रोडला राहणाऱ्या माणसानं मागच्या दारी काय करावं, हे चेअरमन सांगणार नाहीत.

११ जून १९९८

पुन्हा हिरवी बुरशी चढली. काळी लावतो, हिरवी येते. शेड गरम, पाणी कसलं, हवा कसली. कारखान्यात ट्रे उकळून घ्यायला निदान वाफ होती.

१६ जुलै

पुन्हा हिरवी. ट्रे पालथे घालून ठेवले. आता काही दिवस तिकडे बघायचंच नाही.

२३ ऑगस्ट

मीना कृषी विज्ञान केंद्रात अळंबीच्या प्रशिक्षणाला जाऊन आली. मला सांगितलं नव्हतं. पिशवीत बियाणं घेऊन आली—गव्हाच्या दाण्यांवर धरलेली पांढरी बुरशी. "धिंगरी म्हणतात हिला. पेंढ्यावर येते. आपल्याकडे पेंढा नाही, पण तुमचं चिपाड आहे ना?"

म्हटलं, घे. सडतंच आहे.

मनात म्हटलं, बघू.

१२ सप्टेंबर

आली. पहिल्याच खेपेला!

प्लास्टिकच्या पिशव्यांत गरम पाण्यातून काढलेलं चिपाड भरलं, थरांमध्ये दाणे पेरले, पिशव्या अंधारात टांगल्या. पांढरंशुभ्र जाळं धरलं. आज प्लास्टिक फाडलं तर गुच्छच्या गुच्छ बाहेर, शिंपल्यांसारखे. माझ्या शेडमध्ये. माझ्या चिपाडावर. हिचं बी.ए. मराठी.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "अगंबाई, कुत्र्याच्या छत्र्या! खाता तुम्ही?" मीनानं त्यांना डबा भरून भाजी दिली. रात्री मलाही वाढली. चांगली झाली होती. मी म्हणालो, मीठ कमी आहे.

५ डिसेंबर

मीनानं मदतीला बाई ठेवली. भागीबाई. पेठकडची, द्राक्षबागेत छाटणीला यायची. पिशव्या बघून म्हणाली, "ताई, ही तं आमच्या डोंगरात पावसात निघती. तुमच्या घरात कशी आली?" दोघी हसत बसल्या. शेडमध्ये हसण्याचा आवाज आला की मला आत जाववत नाही.

दुपारी मीनाचा भाऊ किशोर देवळ्याहून आला होता. कांद्याचा व्यापारी, सगळ्यात त्याला भाव दिसतो. "दाजी, ताईनं कमाल केली!" मी म्हणालो, "त्यात काय? बुरशी लावायला डोकं लागत नाही. ती आपोआप लागते."

मीना पाणी घेऊन आली होती. ऐकलं तिनं. पेला ठेवला आणि आत गेली.

१४ फेब्रुवारी २०००

आज पेपरात फोटो. 'उसाच्या चिपाडातून गृहिणीने पिकवले पांढरे सोने.' मीना पिशवी धरून उभी, मागे भागीबाईचं अर्धं तोंड. शेवटून दुसरी ओळ: 'या कामी पती यादव यांचेही सहकार्य लाभते.'

यांचेही! या 'ही'साठी मी कारखान्यात तीन हंगाम घातले.

हॉटेलवाल्यांचे फोन दिवसभर. मी उचलले की "मॅडम आहेत का?"

१५ फेब्रुवारी

कात्रण मीनानं कपाटाच्या दाराला आतून लावलं. बाहेरून नाही. माझ्यासाठी आतून लावलं असेल तर ते जास्तच वाईट.

१९ डिसेंबर

हिला खोकला लागलाय. सकाळी ठणठणीत असते. शेडमध्ये जाते, अळंबी तोडते, दुपारी जेवते. संध्याकाळी अंग कसकसतं, ताप, दम. सकाळी पुन्हा बरी. म्हणते थंडी बाधली.

आज शेडच्या दारातून पाहिलं. पिशव्यांमधून उन्हाची तिरीप आली होती, आणि त्या तिरिपेत पांढरी धूळ तरंगत होती. धूळ कसली—बीजाणू! अळंबी जास्त पिकली की सोडते. हिच्या केसांवर, भुवयांवर, पदरावर. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

कारखान्यात जुन्या चिपाडाच्या ढिगावर काम करणारे असेच खोकायचे. संध्याकाळी ताप. दवाखान्यात गोळी द्यायचे आणि परत ढिगावर पाठवायचे. मी त्यांच्यावर दोन लेख वाचले होते तेव्हा. बुरसटलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसात बसते.

२० डिसेंबर

सांगितलं. नीट सांगितलं, आवाज न चढवता. तोंडाला फडकं बांध, बुरसटलेली गोणी उघडू नकोस, महिनाभर आत जाऊच नकोस.

ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला बघवत नाही, ते सरळ सांगा ना."

"अगं, मी शास्त्र सांगतोय!"

"बुरशीला डोकं लागत नाही म्हणाला होतात. आता एकदम शास्त्र?"

फडकंही बांधत नाही. मी सांगितलं म्हणून बांधत नाही.

२१ डिसेंबर

मला हिची काळजी वाटते, की ती शेड बंद पडावी असं वाटतं? इथे वहीत कुणाची भीती—दोन्ही. कुठलं जास्त, ते सांगता येत नाही.

८ एप्रिल २००१

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. एक्स-रेत डाग आहेत म्हणे. मी म्हणालो, ती काय काम करते ते तरी विचारा. म्हणाले, "हाउसवाइफ ना?"

मीनानंही मान डोलावली. पेपरात फोटो आलेली बाई डॉक्टरसमोर हाउसवाइफ झाली.

३० एप्रिल

शेजारच्या वहिनी आता डबा घेत नाहीत. मीनानं अळंबी पाठवली, तशीच परत आली. "नको हो, त्यांना... हे आहे ना." मीना दारामागे उभी राहून ऐकत होती. मला त्या बाईच्या डोक्यात डबा घालावासा वाटला. घातला नाही. दार मात्र असं आपटलं की काच तडकली.

२७ मे

देवळ्याला किशोरच्या मुलीचं लग्न. मीना आठवडाभर आधी गेली होती. मी काल पोचलो तर ही मांडवात पंगतीला वाढत होती! जिने चढत-उतरत होती. खोकला नाही, ताप नाही. किशोर म्हणाला, "दाजी, गोळ्यांनी गुण दिला बघा."

गोळ्या ही घरीच विसरली होती.

२९ मे

परत आलो. सकाळी शेडमध्ये गेली. संध्याकाळी एकशे दोन ताप.

आता मी सोडणार नाही.

४ जून

डॉ. जहिदा इनामदारांकडे नेलं, छातीच्या डॉक्टर. सगळं मीच सांगितलं—चिपाड, धिंगरी, धूळ, देवळा, गोळ्या विसरली ते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग मीनाला म्हणाल्या, "टीबी नव्हताच तुम्हाला. त्या धुळीनं फुप्फुस सुजतं. औषध देते, पण खरं औषध एकच. त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. पुन्हा पुन्हा सुजलं तर कडक होत जातं, मग परत येत नाही." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही ओळखलंत. नवल आहे."

कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला म्हणालं, तुम्ही ओळखलंत.

रिक्षात मी सरळ बसलो होतो. छाती काढून. मग शेजारी पाहिलं. मीना बाहेर बघत होती. म्हणाली, "झालं समाधान?"

२२ जून

बंद करायची म्हटलं तर भागीबाई रडायला लागली. मीना म्हणाली, "तुम्ही बघा मग." एवढंच. शेडची किल्ली फ्रिजवर ठेवली.

घेतली.

१० नोव्हेंबर

मी चांगला करतो हे काम. इथे लिहायला हरकत नाही—मी हिच्यापेक्षा चांगला करतो! पाण्यात चुना घालतो, हिरवी बुरशी जवळजवळ गेली. कडा वळायच्या आत तोडतो, धूळ निम्मी. तोंडाला मास्क, भागीबाईलाही. पीक संपलेल्या पिशव्या मीना फेकून द्यायची. त्या चिपाडाला बुरशीनं आधीच मऊ केलेलं असतं. मी ते वाळवून आनंदवलीच्या एका गवळ्याला दिलं, त्याच्या म्हशी खातात. उरलेलं बागाईतदार खताला नेतात. काही जळत नाही, काही सडत नाही. चेअरमनना आणून दाखवायला हवं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड दिसते. मीना तिथे उभी असते. मी हात केला. तिनं खिडकी लावून घेतली—धुळीमुळे.

२६ जानेवारी २००२

पाटी लावली. 'यादव अळंबी केंद्र.' पेंटरला आधी 'मीना' सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तो म्हणाला, "साहेब, नाव?" आणि तोंडातून हे आलं.

तिनं पाटी वाचली. "य जरा तिरका आलाय," म्हणाली.

३ मार्च

भागीबाई मला विचारायच्या गोष्टी मागच्या दारानं हिला विचारते. आज पकडलं. "सायेब, ताईनं शिकवलं ना मला. तोंडातून ताईच निघतं." रागावलो. नको तेवढं रागावलो.

१७ जुलै

मागच्या खोलीत एक ट्रे लावलाय. काळ्या बुरशीचा. आली तर आली.

१ सप्टेंबर

आली! काळी, मखमली. लिंबूसत्वाची चव जिभेवर घेतली, दात आंबले. मोठ्यानं ओरडलो. भागीबाई धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

मीनाला सांगायला आत गेलो. ती झोपली होती. भर दुपारी.

१५ ऑक्टोबर २००३

पुन्हा खोकला. शेडच्या आसपासही फिरकत नाही, तरी. रात्री उशीला टेकून बसते. जिना चढताना मधे थांबते आणि साडीची निरी नीट करण्याचं नाटक करते.

२१ ऑक्टोबर

डॉ. जहिदांनी मीनाला तपासलं, मग विचारलं, "शेड घरापासून किती लांब?"

म्हटलं, मागेच.

"तिथे कोण जातं?"

"मी."

"आणि मग त्याच कपड्यांनी घरात?"

त्या खुर्चीत मी कसा बसलो होतो ते आठवत नाही. माझ्या सदऱ्याच्या बाहीवर पांढरं होतं. तेव्हाच दिसलं. मी रोज शेडमधून येऊन हिच्या शेजारी जेवायला बसतो. हिच्या शेजारी झोपतो.

शास्त्र मी शिकवत होतो!

२ नोव्हेंबर

बाहेर न्हाणीघर केलं. कपडे बाहेर काढतो, डोक्यावरून पाणी, मग घरात. तरी खोकते. डॉक्टर म्हणाल्या, पत्र्याच्या फटीतून येतं, वाऱ्यावर येतं. शेड आणि मीना एका आवारात नकोत.

३ नोव्हेंबर

मीनाला म्हटलं, थंडीचा हंगाम सुरू झालाय. पिशव्या भरलेल्या आहेत. हा हंगाम होऊ दे, मग मोडू.

ती म्हणाली, "बंद करा असं मी कुठे म्हणते?"

खरंच म्हणाली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

११ जानेवारी २००४

किशोर जीप घेऊन आला. "दाजी, ताईला घेऊन जातो. तिकडं हवा कोरडी हे. बरी झाली का आणून सोडतो."

एकच बॅग. भागीबाईच्या हातात हिनं आपली दोन लुगडी दिली. मला म्हणाली, "रात्री दुधाला विरजण लावत जा, विसरता." जीप वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. मग आत गेलो आणि पिशव्यांना पाणी मारलं. वेळ झाली होती.

८ फेब्रुवारी

शेतकी खात्याचे लोक आले होते. काळ्या बुरशीचे ट्रे पाहिले, म्हशींचा चारा पाहिला. त्यांच्यातला मोठा साहेब म्हणाला, "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?"

हो म्हणालो. भागीबाई तिथेच उभी होती.

देवळ्याला फोन लावला. सांगितलं. मीना म्हणाली, "छान झालं." मागे कुणीतरी हसत होतं, तीही हसत होती बहुतेक, त्यातून फोनवर आली होती. आवाज मोकळा. इकडे इतक्या वर्षांत हिचा असा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. खोकल्याचं विचारायचं राहून गेलं.

१ मार्च

दुपारी ओट्याशी उभं राहून जेवलो. अळंबीच. भागीबाई पातेलं न्यायला आली, बघत राहिली. "सायेब, येवढं पिकवता, घरी खातं कोण?"

दिवसभर तेच डोक्यात.

६ मार्च

मोडली शेड. पिशव्या सगळ्या बागेत खताला दिल्या. ट्रे भंगारात. काळी बुरशी या वेळी मीच धुऊन टाकली, स्वतःच्या हातानं. पत्रे उतरवले, जमीन धुतली, फिनेल मारलं. अंथरुणं उन्हात घातली, पडदे धुतले. घरात कुठेही बोट फिरवलं तरी पांढरं लागत नाही.

रडलो नाही. भागीबाईनं पाटी उतरवली आणि विचारलं, "हिचं काय करू?" म्हटलं, चुलीला ने.

ती येईल तेव्हा सांगेन, तुझ्यासाठी केलं. एवढी एक गोष्ट तरी मी धड केली.

७ मार्च

सकाळीच फोन केला. म्हटलं, शेड मोडली. सगळं धुऊन काढलं. ये आता.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "मोडायला नको होती हो."

"अगं, तुझ्यासाठी मोडली!"

"ती होती तोवर मला बरं होतं. कुणीही विचारलं तर सांगायचे—धूळ सोसत नाही, म्हणून माहेरी राहते. आता काय सांगू लोकांना?"